अस्वलाची हनुवटी

मंगळवारी सकाळी न्हाणीघरातून एक परका माणूस बाहेर आला आणि तिशोच्या आवाजात म्हणाला, "कॉफी उतू चाललीये, इस्क्रा." कॉफी खरोखरच उतू चालली होती. इस्क्राने भांडं उचललं, शेगडी बंद केली, फडकं घेऊन सांडलेलं पुसलं, आणि हे सगळं करताना तिने वर पाहिलं नाही. वर पाहिलं तर तिथे तो माणूस असणार होता. बनियन तिशोचा होता, बनियनच्या आतलं पोट तिशोचं होतं, लेकीने, नेदाने, वार्नाहून पाठवलेल्या त्या भयंकर हिरव्या सपाताही तिशोच्याच होत्या. पण गालांच्या हाडांखाली, जिथे एकतीस वर्षं दाढी होती, तिथे आता पांढरीफटक, कणकेसारखी ओलसर कातडी होती, आणि त्या कातडीत एक तोंड होतं. ओठ होते. वरचा ओठ इतका पातळ असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. खाली हनुवटी होती, रुंद, जराशी डावीकडे झुकलेली, मधोमध खळगा असलेली. "तू दाढी काढलीस," ती म्हणाली. "आलं का लक्षात? मला वाटलं, संध्याकाळ होईल," तिशो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. तो हसला असावा. असावा, म्हणजे आवाजावरून. एरवी दाढी दोन्ही बाजूंना पसरायची आणि डोळे बारीक व्हायचे, म्हणजे तिशो हसला, हे तिला पाठ होतं. आता डोळे बारीक झाले खरे, पण खाली त्या ओठांनी काहीतरी भलतंच, अवघडलेलं केलं, आणि इस्क्राला एकदम लाज वाटली. परपुरुषाकडे टक लावून बघताना पकडलं जावं तशी. तिने कॉफीचे पेले भरले. नवऱ्याचा पेला त्याच्या उजव्या हाताशी ठेवते तसा ठेवला, आणि बाल्कनीत जाऊन उगाचच वाळत घातलेले कपडे चाचपून आली.

आता ही गोष्ट साधी आहे. पुरुष दाढ्या वाढवतात, काढतात, कुणाचं काही अडत नाही. पण इस्क्राने या माणसाची हनुवटी आयुष्यात पाहिलेली नव्हती, आणि त्यातही गंमत अशी, की अख्ख्या रुसे शहरात त्या दाढीवर तिच्याइतका हक्क कुणाचाच नव्हता. अठ्ठावीस वर्षं ती मुलांच्या मासिकात चित्रं काढत होती. प्राण्यांची चित्रं, म्हणजे दोन पायांवर चालणारे, टोप्या घालणारे, बाजारात भांडणारे प्राणी. त्यात मेचो नावाचं एक अस्वल होतं, ट्रॉलीबस चालवणारं, डोक्यावर चालकाची टोपी, खिशात सूर्यफुलाच्या बिया. तिशो ट्रॉलीबस चालवायचा, त्याच्याही डोक्यावर तीच टोपी आणि खिशात त्याच बिया, तेव्हा मेचो कोण हे सांगायची कुणाला गरज पडली नाही. मुलं ट्रॉलीत चढली की "मेचोकाका!" म्हणून ओरडत, आणि तिशो दाढीतून गुरगुरून दाखवी. फक्त तोच नव्हे. इमारतीतला प्रत्येक जण मासिकात कुठे ना कुठे होता. तळमजल्यावरच्या पेना मावशी कोंबडी होत्या, छातीवर एप्रन बांधलेल्या, त्यांनी पहिल्याच अंकानंतर जिन्यात गाठून सुनावलं होतं, "कोंबडी केलीस ती केलीस, पण पिसं तरी जरा भरगच्च द्यायची होतीस. ही काय, उन्हाळ्यातली वाटते." तिसऱ्या मजल्यावरचा नळदुरुस्तीवाला पाणमांजर होता आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता. लोक रुसायचे ते आपण मासिकात आहोत म्हणून नव्हे, नाही म्हणून. माणूस मात्र तिने अठ्ठावीस वर्षांत एकही काढला नव्हता. मासिकातल्या त्या गावात माणसं नव्हतीच.

कॉफीच्या दुसऱ्या पेल्याला तिशोने कारण सांगितलं. सांगताना तो पेल्यात बघत होता. "काल मी त्याच्याहून एक दिवस मोठा झालो." कोण, ते विचारावं लागलं नाही. त्याचा बाप, हारितोन, बंदरावरचा मुकादम, एकोणसाठ वर्षं आणि काही दिवसांचा होऊन गेला होता, आणि ते दिवस तिशोने मोजून ठेवले असतील हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. "म्हटलं, आता मी थोरला. आता काय करणार आहे तो मला?" असं म्हणून त्याने बोटांनी गाल चोळला, उजवा, मग डावा, आणि हनुवटीपाशी येऊन हात थांबला. हारितोन गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे मुलाने चाळीस दिवस वस्तरा लावला नाही. त्या चाळिसातल्या तेविसाव्या दिवशी इस्क्रा आपल्या चित्रांचं बाड ट्रॉलीत विसरली आणि हा काळे कपडे घातलेला, खुंट वाढलेला चालक पाळी संपल्यावर ते द्यायला घरी आला. बाड त्याने उघडून पाहिलं होतं, तसं कबूलही केलं. "यात माणसं नाहीत," तो म्हणाला होता. "माणसांना राग येतो," ती म्हणाली होती. त्यावर तो इतका मोठ्याने हसला की मग गप्पच झाला, सुतकात हसायचं नसतं म्हणून. चाळिसावा दिवस झाला, थडग्यावर गव्हाच्या घुगऱ्या वाटून झाल्या, आणि तो तिच्याकडे आला तेव्हा दाढी नीट कातरलेली पण जागच्या जागी होती. "उद्या काढीन म्हणतो," तो म्हणाला. आणि इस्क्राने, चोविशीतल्या शहाण्या इस्क्राने, हात पुढे करून त्या दाढीला पहिल्यांदा स्पर्श केला आणि म्हणाली, "असू दे ना. छान दिसतोस. अस्वलासारखा." तिला वाटलं, आपण कौतुक केलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला ती प्रेम समजली. ते प्रेम होतंच, पण त्यात सुटका किती होती हे तिला या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं.

कारण त्याच मंगळवारी दहाच्या सुमाराला दोघं खाली उतरले, मिरच्यांची पोती आणायला, आणि पेना मावशी दारातच उभ्या होत्या. सप्टेंबर होता, सगळ्या शहराला भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता आणि मावशी आपलं मिरच्या भाजायचं विजेचं भांडं उंबऱ्यात ठेवून त्याची वायर सोडवत होत्या. त्यांनी वर पाहिलं. वायर हातातून गळली. "अगं बाई, हारितोन!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग स्वतःशीच हसल्या, तिशोचा दंड धरला, "नाही रे बाबा, तूच. पण काय रे हे! अगदी बाप उभा केलास. तीच हनुवटी. बंदरावर माणसं त्या हनुवटीकडे बघून कामाला लागायची." मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला ओळखीचं कुणी दिसलं की आनंद होतो, तेवढंच. तिशोने मान हलवली, हसल्यासारखं केलं, पोती गाडीत टाकून आणली, एकेक करून चौथ्या मजल्यावर चढवली, आणि वर आल्यावर न्हाणीघराच्या आरशासमोर उभा राहून दार न लावताच म्हणाला, "परत वाढवतो. आठवड्याभराचा प्रश्न आहे." इस्क्रा दारात उभी होती. "का रे?" तो आरशाच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "बापाचा हात जड होता हे तुला माहीत आहे. पण हात नंतर यायचा. आधी ही यायची." त्याने हनुवटीवर बोट ठेवलं, जणू ती दुसऱ्याची आहे. "आधी ही अशी पुढे यायची. ती पुढे आली की मी आणि माझी बहीण टेबलाखाली. नेदा लहान असताना मी तिच्यावर कधी ओरडलो का?" "कधीच नाही." "ओरडलो नाही, पण आतून ही पुढे यायची, इस्क्रा. मला कळायचं. दाढी होती म्हणून पोरीला दिसलं नाही."

हे ऐकून तिने काय करायला हवं होतं? जवळ घ्यायला हवं होतं. घेतलंही तिने, तिला काही दगडाचं काळीज नव्हतं. पण घेता घेता, त्याच्या गार, गुळगुळीत गालाला आपला गाल लागलेला असताना, तिच्या हाताला एक खाज सुटली जी तिला नको होती. तिला हा चेहरा काढायचा होता. मेचो नव्हे, हा, हा उघडा पडलेला माणूस, ती पिठासारखी कातडी आणि तिच्यावर कपाळापासून नाकापर्यंत उतरलेला ट्रॉलीच्या काचेतून रापवणारा उन्हाळा, ते लाजणारे ओठ, ती बापाची म्हणून नाकारलेली हनुवटी. हा माणूस आठवड्याभरात पुन्हा झाकला जाणार होता, कदाचित कायमचा. तिने विचारलंही. तिने विचारायला नको होतं, निदान त्याच दिवशी तरी. तिशो मागे सरला. "काढायचं असेल तर अस्वल काढ," तो म्हणाला. "अस्वलाचं माझं पटतं."

बुधवारी तिने आठवणीने काढायला घेतलं आणि सपशेल हरली. डोळ्यांपर्यंत सगळं ठीक. डोळ्यांखाली पेन्सिल गेली की हात आपल्या वळणावर जायचा, नाक रुंद व्हायचं, तोंड पुढे यायचं, कातडीवर केस उगवायचे. चार कागदांवर चार मेचो. तिला हे हसू येण्यासारखं वाटलं आणि मग वाटेनासं झालं. अठ्ठावीस वर्षांत मेचो दुःखी झाला की ती त्याचे कान पाडायची. आनंद झाला की कान ताठ. राग आला, तो क्वचित यायचा, की मानेवरचे केस उभे. तोंडाचं काम तिने कधी तोंडाकडून करून घेतलंच नव्हतं. आणि तिशो? तिशो गप्प बसला की तिला काय दिसायचं? खरं सांगायचं तर तिला पडलेले कान दिसायचे, जे त्याला नव्हते. मग ती पाइनच्या कोंबांचा काढा करायची किंवा चेष्टा करायची आणि कान वर यायचे. किती वेळा तिने चुकीच्या दुःखावर काढा दिला असेल कोण जाणे. दुपारी मासिकातून विख्राचा फोन आला. विख्रा संपादक होती आणि कला अकादमीपासूनची मैत्रीण. "पानं कुठायत गं? मेचो शाळेत निघालाय आणि रस्त्यातच बेपत्ता." "त्याने दाढी काढली," इस्क्रा म्हणाली. "अस्वलाने?" "नवऱ्याने." "अरे देवा. मग घटस्फोट घ्यायचा तर वेळेवर घे, शुक्रवारी पानं छापायला जायचीत." इस्क्रा हसली. विख्राला काही सांगावं असं तिला वाटलं, पण काय सांगायचं ते तिलाच धड माहीत नव्हतं.

तिला माहीत होतं, असं आता म्हणायला हरकत नाही. ती नऊ वर्षांची असतानाची ही गोष्ट. उन्हाळ्यात तिला आजीकडे गावी धाडत. योर्दाना आजी अंगणात तुतीच्या झाडाखाली बसून शेंगा सोलायची आणि नात तिच्यासमोर ओट्यावर पोट टेकून कागदावर तिला काढायची. तासभर लागला. मुलीने काहीही सोडलं नाही. वरच्या ओठावरची लव, एक सोडून एक पडलेले दात, डाव्या डोळ्याची खाली आलेली पापणी, गालफडावरचा मस आणि त्यातले दोन राठ केस. तिने ते सगळं काढलं कारण ते तिला आवडत होतं. त्या मसावर बोट ठेवून ती झोपायची. तिने धावत जाऊन कागद आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने चष्मा नव्हता म्हणून कागद हातभर लांब धरला. "अशी दिसते होय मी," आजी म्हणाली. ओरडली नाही, फाडला नाही. कागद दुमडून एप्रनच्या खिशात ठेवला. पण त्या दिवसानंतर कुणी समोर आलं, अगदी नात आली तरी, आजी डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढून तोंडावर धरू लागली. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत. आईला कारण कधी कळलं नाही. तिने दातांवर ढकललं. इस्क्राने पुढच्याच उन्हाळ्यात आजीसाठी एक हंसी काढली, रुमाल बांधलेली, ढुंगण हलवत शेंगा सोलणारी, आणि आजी इतकी हसली की रुमाल घसरला. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला त्यातून जे शिकायचं ते ती शिकली. सोफिया शहरातल्या कला अकादमीत मॉडेल समोर बसवत तेव्हा धड मानेपर्यंत तिचं कौतुक व्हायचं आणि मानेवर ती करकोचा बसवायची. गुरुजी आधी संतापले, मग कंटाळले, मग म्हणाले, मुलांचं मासिक माणसं शोधतंय. प्राण्यांना कुणी "अशी दिसते होय मी" म्हणत नाही. ज्याला प्राणी केलं तो हसतो, मित्रांना दाखवतो. ती याला दयाळूपणा म्हणायची. आणि दया होतीच त्यात, उगीच स्वतःला झोडपण्यात अर्थ नाही. पण भीतीही होती, आणि दोघी एकाच एप्रनमध्ये इतकी वर्षं सुखाने नांदल्या होत्या.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती कारण नसताना ट्रॉलीत बसून फिरली. तिशोची नव्हे, दुसरीच. आणि तिथे तिच्या डोळ्यांना काहीतरी झालं. एरवी ती चढली की डबा प्राण्यांनी भरायचा. ही पिशवीवाली शेळी, हा वर्तमानपत्रवाला टिटवा, सवयीने, क्षणात. आता प्राणी येईनात. एक बाई पाठमोरी उभी होती आणि तिच्या मानेवर, केस वर बांधलेले असल्यामुळे, दोन उभ्या शिरांमध्ये एक मऊ खळगी होती. इस्क्रा तीन थांबे त्या खळगीकडे बघत राहिली. एक म्हातारा झोपला होता, त्याचे ओठ दर श्वासाला थोडेसे उघडत आणि मिटत. एका बापाने मुलीचं नाक पुसलं आणि पुसताना स्वतःचंही तोंड वाकडं केलं, मुलीसारखंच. कातडी किती कमी झाकते, तिला वाटलं. लोक असेच निघतात घरातून, हे सगळं उघड्यावर घेऊन, आणि आपण एकमेकांकडे बघत नाही हाच त्यांचा अडोसा. तिला भरून आलं, तिकीट तपासनीस समोर उभा होता तरी. "काय हो, बरं नाही का?" त्याने विचारलं. त्याची एक भुवई दुसरीपेक्षा वर होती. "बरं आहे," ती म्हणाली, "फार बरं आहे," आणि तिने हातातल्या पिठाच्या कागदी पिशवीवर ती भुवई काढली. घरी आली तेव्हा पिशवीवर जागा नव्हती. दुसरीकडे न्हाणीघराच्या आरशात रोज सकाळी तिशोची हनुवटी थोडी थोडी मावळत होती. करडे, पांढरे खुंट. शुक्रवारी मधला खळगा सावलीसारखा उरला. मेचोची पानं गेलीच नाहीत, विख्राने जुना अंक पुन्हा छापला आणि फोनवर दोन कडक शब्द सुनावले, मग "सगळं ठीक आहे ना गं?" असंही विचारलं. शनिवारी तिशोला ती पिशवी सापडली, टेबलावरच तर पडली होती. त्याने ती उलटी-सुलटी केली. मान, कान, भुवया, झोपलेली तोंडं. "माणसं," तो म्हणाला. "हो." "राग नाही आला त्यांना?" "दाखवलं नाही मी." तिशोने पिशवी जागेवर ठेवली, चांगली हाताने सपाट केली. "माझं काढायचं तर काढ," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "पण मी बघणार नाही. आणि बसून वगैरे राहणार नाही, उद्या मिरच्या आहेत."

रविवारी बाल्कनीत चार पोती मिरच्या होत्या, लाल, लांबोड्या, आणि भाजायचं भांडं लालबुंद झालं होतं. दरवर्षीचं काम वाटलेलं होतं. इस्क्रा देठ कापून मिरच्या भांड्यात उभ्या सोडायची, भाजल्या की पातेल्यात झाकायची. तिशो स्टुलावर बसून, मांडीवर परात घेऊन, गरम मिरच्यांच्या साली काढायचा, कारण गार झाल्या की साल चिकटते आणि त्याची बोटं निबर होती. या वर्षी तिने शेजारी फळी ठेवली, फळीवर कागद. एक हात मिरचीला, एक हात पेन्सिलीला. तिशोचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, त्याला तोंड झाकायला हातच नव्हता, आणि हे दोघांनाही कळलं होतं पण कुणी बोललं नाही. खालून पेना मावशींचा आवाज आला, "वर किती पोती रे?" "चार!" "आमची सहा!" "मग तुम्ही जिंकलात!" मावशी समाधानाने आत गेल्या. इस्क्रा काढत होती. डोळ्यांखाली आल्यावर हात वळायला लागला, नाक रुंद करायला लागला, आणि तिने हात थांबवला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, जे होतं तेवढंच काढलं. एक रेघ. परत पाहिलं. एक रेघ. हे इतकं हळू चालायचं की भांड्यातल्या दोन मिरच्या जळाल्या. "जळतंय," तिशो म्हणाला. "जळू दे." त्याने भुवया उंचावल्या. घरात मिरची जळू दे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग तिशोने एक मिरची घाईने उचलली, तिच्या पोटात अडकलेली वाफ फुटली आणि बोटावर आली. तो ओरडला नाही. त्याची हनुवटी पुढे आली. खुंटांतून, सावलीतून, अख्खी पुढे आली, खालचे दात दिसले, गालात एक गाठ उभी राहिली, आणि त्या क्षणी इस्क्राला टेबलाखाली बसलेली दोन मुलं स्पष्ट दिसली. तिशोलाही ती दिसली असणार, कारण त्याने झटक्यात मनगट वर करून तोंड झाकलं. गालभर लाल गर. "काढू नकोस हे," तो मनगटामागून म्हणाला. पण पेन्सिल चालूच होती. तिचं सगळं बालपण तिला ओरडून सांगत होतं की थांब, इथे थोडं मऊ कर, इथे सावली घाल, दोन कान लाव या बिचाऱ्याला. तिने लावले नाहीत. तिला आता भीती वाटत होती, आणि तरी तिने पाहिलं तेवढंच काढलं, हनुवटी, दात, गाठ. काढता काढता ती बोलायला लागली. आजीचं सांगितलं, तुतीचं झाड, मस, रुमालाचं टोक, एकतीस वर्षांत न सांगितलेलं सगळं, आणि सांगताना वर पाहत राहिली, कारण मनगट हळूहळू खाली येत होतं. "म्हणून प्राणी?" तिशोने विचारलं. "म्हणून प्राणी." "आणि मी म्हणून अस्वल." "तू म्हणून अस्वल. मला वाटलं, तुला बरं वाटतं." "वाटायचंच," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मग त्याने परातीतल्या साली एका बाजूला सारल्या. खाली कुणीतरी रेडिओ लावला, पुन्हा बंद केला.

"दाखव," तो म्हणाला.

"तू बघणार नव्हतास."

"दाखव गं. नाहीतर मी पण अकरा वर्षं मनगट धरून बसेन, मिरच्या कोण सोलेल?"

तिने कागद त्याच्यासमोर धरला. त्याचे हात भरलेले होते, म्हणून तिलाच धरून राहावं लागलं, दोन्ही हातांनी. कागदाच्या वरून तिला त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते चित्रातल्या डोळ्यांवर गेले, खाली गेले, थांबले. खूप वेळ थांबले. आजीनेही इतकाच वेळ घेतला होता, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाकलला नाही.

"पुढे आलीये ही," तिशो म्हणाला.

"हो."

"दात पण दिसतायत."

"हो. तेही दिसतायत."

"मी रागावलोय यात?"

इस्क्राने कागद थोडा खाली केला. हारितोनला तिने कधी पाहिलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे त्याच्या मृत्यूची पत्रकं दारांवर चिकटवली होती, त्यांवर विशीतला एक सैनिक होता, टोपीच्या सावलीत अर्धा बुडालेला. बाकीचे फोटो तिशोने कुठे टाकले ते तिने विचारलं नव्हतं. सगळ्या रुसे शहरात या चेहऱ्यामागे दुसरं कुणी दिसत नसेल ते तिला एकटीलाच. तिने चित्राकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. उत्तर शोधावं लागलं नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "तुझं बोट भाजलंय."

तिशोने चित्रातल्या हनुवटीकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, जिथे मधल्या बोटाच्या टोकावर कातडी पांढरी पडून फुगायला लागली होती. त्याने ते बोट वर केलं, गरासकट, सालीसकट तोंडात घातलं आणि त्याचा पातळ वरचा ओठ त्यावर मिटला. ओठ थरथरत होता. एकतीस वर्षं तो असाच थरथरत असेल, केसांच्या आत.

"दुखतंय गं," तो म्हणाला.

"हो," इस्क्रा म्हणाली. "दिसतंय मला."